होल्डवर ठेवलेलं कार्ड

पप्पा,

कार्डांचा गठ्ठा अजून टीव्हीशेजारीच आहे, आणि त्याच्यावर तुमचं गेज. त्या दिवसांत मम्मीनं घरातलं सगळं हलवलं. पाहुण्यांसाठी दिवाण सरकवला, तुमच्या चपलासुद्धा दाराआड ठेवल्या, पण तो गठ्ठा कुणाला उचलू दिला नाही. रोज फडकं घेऊन येते, गेज उचलते, खालून पुसते आणि परत तसंच ठेवते, लाल पट्ट्याचं टोक भिंतीकडे करून. तुम्ही ठेवायचात तसं.

हे मराठीत लिहितेय. तुम्ही दोनदा म्हणाला होतात, कधीतरी मला कुणाला न विचारता वाचता येईल असं लिही. दोन्ही वेळा मी हसून विषय बदलला. माझं मराठी किती कच्चं आहे ते तुम्हाला माहीत आहे. शाळेत ते शेवटच्या तासाला असायचं आणि अर्धा वर्ग दप्तर भरत बसलेला असायचा. चुका सापडतील. रीवर्कला पाठवा.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मुलाखतीत मी काय बोलले ते. तुम्ही विचारलं होतंत आणि मी म्हणाले होते, नंतर सांगते. तेवढ्यासाठी हे लिहायला बसले आहे.

पण आधी मागच्या वर्षापासून सुरू करायला हवं. बी.कॉम. मी घेतलं कारण त्या वर्गात कुणाला उभं करून वाचायला लावत नाहीत. हे कारण मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटायचं मला आकड्यांची आवड आहे. तीन वर्षं मी अकाउंट्सच्या पुस्तकाखाली कादंबऱ्या वाचल्या आणि मग घरी येऊन सांगितलं की मला इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचंय, त्याची प्रवेश परीक्षा असते, लेखी आणि मग मुलाखत. मम्मी म्हणाली, एवढं शिकून परत पहिलीपासून सुरू करणार का गं. तुम्ही फक्त विचारलंत, जागा किती. मी सांगितलं, फार कमी. तुम्ही मान हलवलीत.

लेखी पास झाले. मुलाखतीत तीन जण समोर होते. साहित्य का शिकायचंय, एवढा साधा प्रश्न, आणि माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. एका बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यायले, थँक यू म्हणाले आणि त्या मुलाखतीतलं माझं बोलणं तेवढंच. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. तुम्ही त्या दिवशी काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आलात, पायाशी बसलात आणि म्हणालात, "येत नव्हतं, की बोलवत नव्हतं?"

मी म्हटलं, येत होतं.

"मग माल बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "पॅकिंगमध्ये लोचा आहे. ते बघू आपण."

त्या 'आपण'चा मला तेव्हा थोडा रागच आला होता. तुम्ही काय बघणार होतात? तुमचं इंग्रजी म्हणजे ड्रॉइंगवरचं इंग्रजी. बोअर, बर, टॉलरन्स, सरफेस फिनिश. सगळी नामं, एक क्रियापद नाही. आणि मला तर दीड-दोनशे साहित्यिक संज्ञा पाठ करायच्या होत्या, ज्यातल्या अर्ध्या ग्रीक होत्या.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू तुम्हीच कापल्यात. फुटपट्टी लावून, सगळ्या एका मापाच्या. मी त्यांच्यावर इंग्रजीत संज्ञा लिहायची आणि तुम्ही खाली पेन्सिलनं देवनागरीत तिचा उच्चार. साडेचारचा चहा झाला की गॅलरीत बसायचं. समोर खारफुटी, तुमच्या पुढ्यात पेपर पसरून त्यावर मेथी नाहीतर गवार. तुम्ही निवडायचात आणि विचारायचात. मनातल्या मनात पाठ केलेलं तुम्हाला चालायचं नाही. तुम्हाला पुस्तकातलं वाचून पडताळता येत नव्हतं, म्हणून मला ते मोठ्यानं सांगावंच लागायचं. हा तुमचा डाव होता की नाइलाज, ते मी विचारलं नाही. आता वाटतं, डावच असेल.

पहिल्या दिवशी मी मेटॅफरची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. तुम्ही मेथीची काडी मोडलीत आणि आत जाऊन गेज घेऊन आलात. बोटभर लांबीचा स्टीलचा दांडा, मधे पकडायला खरखरीत भाग. झिजल्यामुळे कंपनीनं बाद केलेलं, रिटायर होताना तुम्ही आठवण म्हणून मागून घेतलेलं. तेव्हापासून ते आपल्या टीव्हीशेजारी होतं, पण ते कशासाठी असतं हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. भोक बरोबर पडलंय का हे बघायला मोजायचं नसतं. एक टोक घालायचं, ते गेलं पाहिजे. ते गो. मग उलटं करून लाल पट्ट्याचं टोक घालायचं, ते गेलं नाही पाहिजे. ते नो-गो. नुसतं गो बघून माल पास केला तर इन्स्पेक्टर कशाला हवा, असं तुम्ही म्हणालात. कुठलंही मोठं भोक गो घेतंच.

"व्याख्या राहू दे. एक उदाहरण सांग जे जातं. आणि एक सांग जे जाईल असं वाटतं, पण जात नाही."

पप्पा, तेव्हापासून मी एवढी पुस्तकं चाळली, ऑनलाइन लेक्चरं ऐकली, पण संज्ञा शिकवायची यापेक्षा चांगली रीत कुणाकडे दिसली नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही शेफारला असतात.

उदाहरणं पुस्तकातली चालायची नाहीत, कारण ती पुस्तकं तुम्ही वाचली नव्हती. म्हणून आपल्या बिल्डिंगमधून माल आणावा लागला. हायपर्बलीसाठी, म्हणजे अतिशयोक्तीसाठी, दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेकाकू कामाला आल्या. लिफ्ट बंद होऊन शंभर वर्षं झाली, असं त्या रोज म्हणतात. गो. मग मी नो-गो म्हणून सांगितलं की पाणी दोन दिवस आलं नाही, असंही त्या म्हणतात. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, ते खरंच आलं नव्हतं, बरोबर, जात नाही. स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस समजावताना मी अर्ध्यातच होते तर तुम्ही आत स्वयंपाकघराकडे बोट दाखवलंत. मम्मी मावशीशी फोनवर बोलत होती. गॅसच्या नंबरावरून कुणाच्या तरी साखरपुड्यावर, तिथून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मेथीच्या लाडवावर. मम्मीनं फोनवर हात ठेवून विचारलं, माझ्यावर काय चाललंय तुमचं? तुम्ही म्हणालात, "काही नाही, तू सिलॅबसमध्ये आलीस." नंतर मात्र तुम्ही ते कार्ड बाजूला काढलंत. म्हणालात, ती नो-गो आहे. ती शेवटी बरोबर मुद्द्यावर येते, आणि मुद्दा माझ्या डायबेटिसचा असतो.

सिनेकडकी आणि मेटॉनिमीवर मी आठवडाभर अडकले होते. एकात भागावरून पूर्ण वस्तू समजायची, दुसऱ्यात जवळच्या वस्तूवरून. पाठ व्हायचं आणि सकाळी पुसलं जायचं. तुम्ही गवार खाली ठेवलीत. तुमच्या खात्यात सुपरवायझर सकाळी यायचा आणि म्हणायचा, आज चार हात कमी आहेत. म्हणजे चार माणसं. आणि ओव्हरटाइमचं विचारलं की म्हणायचा, केबिन नाही म्हणतेय. म्हणजे साहेब. तुम्ही आपला हात वर करून बघितलात.

"हात माणसाला चिकटलेला असतो. केबिन चिकटलेली नसते. साहेब बदलतात, केबिन तीच."

त्यानंतर मी ते कधी विसरले नाही. विसरणारही नाही.

सगळी कार्डं काही पास झाली नाहीत. एलिजीचं राहिलं. मी सांगितलं, गेलेल्या माणसासाठी शोक करणारी कविता. तुम्ही नो-गो मागितलंत. मी म्हटलं, युलॉजी, ती गेलेल्याची स्तुती असते, शोक नाही. तुम्ही म्हणालात, थांब. कदम गेला तेव्हा खात्यातल्या सगळ्यांनी उठून त्याचं चांगलंच सांगितलं, आणि सांगताना एकाचाही डोळा कोरडा नव्हता. ते कुठल्या टोकाचं? मी म्हटलं, पुस्तकात दोन वेगळे दिलेत. तुम्ही म्हणालात, मग पुस्तकाचं ड्रॉइंग चुकलंय. दोन दिवस वाद चालला. शेवटी मी वैतागून म्हणाले, परीक्षेत एवढ्या खोलात कुणी जात नाही, पप्पा. तुम्ही कार्डाच्या कोपऱ्यात माझ्या हायलायटरनं पिवळा ठिपका दिलात. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड. आणि होल्डचा नियम तुम्ही मला बजावून सांगितलात. ज्या इन्स्पेक्टरनं माल थांबवला, त्यानंच तो सोडायचा. साहेबानं सांगितलं तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आता या वर्षीची मुलाखत.

तेच दार, तेच टेबल, बाई त्याच. ग्लासही तोच असावा. बाईंनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. माझी बी.कॉम.ची मार्कशीट बघून त्या म्हणाल्या की साहित्याचं कुठलंच शिक्षण नाही, तर मूलभूत गोष्टींपासून बघू. मेटॉनिमी आणि सिनेकडकीतला फरक सांगा. मला व्याख्या आठवत होती. पण तोंड उघडल्यावर व्याख्या आली नाही. तुमचा सुपरवायझर आला. मी इंग्रजीत सांगायला लागले की एका कारखान्यात सकाळी म्हणतात, आज चार हात कमी आहेत. आवाज बारीक होता, पण होता. मग केबिन सांगितली. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, दोन्हींची न जाणारी उदाहरणं सांगितली. आतापर्यंत कागदात बघत असलेल्या सरांनी मान वर केली आणि विचारलं, ही नो-गो काय भानगड आहे? मी टेबलावरचं पेन उचललं, गेजसारखं धरलं आणि त्यांना दाखवलं. कुठलं टोक गेलं पाहिजे आणि कुठलं नाही. ते तिघं ऐकत होते, पप्पा. मी किती वेळ बोलले कुणास ठाऊक. पाणी प्यायले नाही.

मग सरांनी विचारलं, "युवर फादर इज अ‍ॅन इंजिनिअर?"

तुम्हाला ही गोष्ट सांगता आली नाही ती या प्रश्नामुळे. कारण हाच शब्द मी एकदा तुमच्यासमोर वापरला होता आणि त्यावर आपण दोघं कधीच बोललो नाही.

सातवीत होते. ओपन डेला तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून, घरी येऊन, पांढरा शर्ट घालून आला होतात, खिशाला पेन. मिसनी माझं कौतुक केलं, मग तुमच्याकडे बघून हसून विचारलं, अँड व्हॉट डझ डॅडी डू? तुम्ही बोलायला तोंड उघडलंत. तुमच्या तोंडून काय इंग्रजी निघेल याची मला भीती वाटली, आणि तुमच्या आधी मीच बोलले. इंजिनिअर, मिस. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग मिसकडे बघून म्हणालात, "येस, येस." परत येताना आपण उसाचा रस प्यायलो. तुम्ही माझा ग्लास दुसऱ्यांदा भरून घेतलात. त्यानंतरच्या प्रत्येक ओपन डेला मम्मी आली. तुमची शिफ्ट असायची.

म्हणून सरांनी विचारल्यावर मी पेन टेबलावर परत ठेवलं. मग म्हणाले, नो सर. इन्स्पेक्टर. क्वालिटी इन्स्पेक्टर, ऑन द शॉप फ्लोअर, थर्टी-वन इयर्स. आणि पुढे म्हणाले, मला जे येतं ते त्यांनी शिकवलंय. सर म्हणाले, मग त्यांनाच बोलवायला हवं होतं आम्ही. बाई हसल्या. मीही हसले. मुलाखतीत मी हसले, पप्पा.

हे घरी येऊन दारातच सांगायचं होतं. तुम्ही गॅलरीत उभे होतात, मी कोपऱ्यावर वळल्यापासून बघत असणार. तुम्ही विचारलंत, कसं गेलं. मी म्हटलं, बरं गेलं.

"बरं म्हणजे? गो का नो-गो?"

"लिस्ट लागली की कळेल."

"मी लिस्टचं नाही विचारत," तुम्ही म्हणालात.

मला ते सांगायचं तर सातवीपासून सुरू करावं लागलं असतं. मी बॅग ठेवली, म्हटलं, सांगते ना नंतर, आणि आंघोळीला गेले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तुमची सवयच होती, बंद दारावर एकदाच टकटक करायची.

अकरा दिवस होते माझ्याकडे. बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही छातीवर हात फिरवत म्हणालात, जरा जळजळतंय. मम्मीनं जिऱ्याचं पाणी दिलं. अंडरस्टेटमेंटचं, असेल त्याहून कमी करून सांगण्याचं, कार्ड मी किती वेळा पास केलं होतं. घरातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण समोर बसलं होतं आणि मी त्याला गेज लावलं नाही. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल यापुढे मला लिहिता येत नाही.

पुण्यानुमोदनाला तुमच्या खात्यातले सावंतकाका आले होते. फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली आणि मग मला गॅलरीत घेऊन गेले. म्हणाले, नाक्यावरच्या टपरीवर तुझ्या बापानं आम्हाला चहा सुखानं पिऊ दिला नाही. रोज एक नवीन शब्द. सिने-काहीतरी. आणि वर आम्हालाच विचारायचा, बोला, गो का नो-गो. मी हसले. मग ते म्हणाले, आणि ते शाळेतलं तर किती वेळा ऐकवलं त्यानं. मी विचारलं, कुठलं? "अगं, तू त्याला इंजिनिअर केलंस ते. दुसऱ्या दिवशी खात्यात सगळ्यांना सांगत फिरला. म्हणाला, कंपनीला जमलं नाही ते पोरीनं एका मिनिटात केलं, डायरेक्ट प्रमोशन."

मी गॅलरीचा कठडा धरून उभी राहिले. म्हणजे तुम्ही त्याची गोष्ट केली होतीत. हसण्यावारी नेण्यासारखी, टपरीवर सांगण्यासारखी. मला दहा वर्षं जे आठवलं की मान खाली जायची, ते तुम्ही दुसऱ्याच दिवशी चार माणसांत मोठ्यानं सांगून टाकलं होतंत. तुम्हाला लागलंच नव्हतं, की लागलेलं लपवायची ही तुमची रीत होती, हे मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही टोकं लावून बघते. पण एवढं कळलं की तुम्ही माझ्यावर रागावून ओपन डे सोडले नव्हते. मी पुन्हा खोटं बोलायच्या पेचात पडू नये म्हणून सोडले होते.

त्या दिवशी मंडळी जमल्यावर कुणीतरी विचारलं, घरातलं कुणी दोन शब्द बोलणार का. मम्मीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिला माहीत होतं मी उठणार नाही. मी उठले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमचं गेज हातात होतं. माझे वडील इन्स्पेक्टर होते, इथून सुरुवात केली.

लिस्ट नंतर लागली. माझं नाव आहे. मम्मीनं ते मोबाइलवर मोठं करून तुमच्या फोटोसमोर धरलं, जसं काही तुम्हाला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं म्हणूनच ती धरतेय. शिंदेकाकूंनी पेढे आणले आणि जिन्यात भेटेल त्याला सांगितलं की हिच्या वडलांनी हिला हजार कार्डं लिहून दिली होती. एकशे त्र्याऐंशी होती. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ दे, गो आहे.

सोमवारी पहिलं लेक्चर आहे. काल गठ्ठा सोडून मी सगळी कार्डं एकदा बघितली. एकशे ब्याऐंशी हिरवी आणि एक पिवळं. इथपर्यंत लिहून झाल्यावर त्या पिवळ्या कार्डाशेजारी हे कागद ठेवले आणि आपल्या रीतीनं तपासून बघितले. स्तुतीचं टोक आत गेलं. शोकाचंही गेलं. कुठेच अडलं नाही.

तुम्ही बरोबर होतात, पप्पा. पुस्तकाचं ड्रॉइंग चुकलंय.

पण ते कार्ड मी पास केलेलं नाही. त्याच्यावरचा ठिपका तुमचा आहे आणि नियमही तुमचाच. आता गठ्ठा पुन्हा बांधते, पिवळं कार्ड सगळ्यात वर ठेवते, त्याच्याखाली हे कागद घालते, आणि वर गेज. लाल टोक भिंतीकडे.